जाळीचा पत्रा: घ्यावा कसा, घासावा कसा, रंगवावा कसा

मैत्रिणींनो, या वेळचा विषय वाचून काही जणींच्या कपाळाला आठ्या पडतील. पत्रा, कानस, रंगाचा डबा ही कामं पुरुषमंडळींची, आपल्या सदरात ती कशाला, असं वाटेल. पण भोकं पाडलेला पत्रा आपल्याइतका रोज कोण हाताळतं? झारा घ्या, रव्याची चाळणी घ्या, पुरणयंत्राच्या जाळ्या घ्या, मोदकपात्रातली ताटली घ्या. सगळी भोकांच्या पत्र्याचीच भावंडं. कोणतं भोक कशाला लागतं हे आपल्याला शिकवावं लागत नाही. पुरण बारीक हवं तर कोणती जाळी आणि भरड चालेल तर कोणती, हे आपण डोळे मिटून सांगतो. तोच हिशेब थोडा मोठा करून कपाटाच्या दाराला लावायचा, एवढंच आजचं काम.

हा विषय घेण्याचं कारण मात्र साधं नाही. गेल्या काही वर्षांत आपल्या गावांतही स्वयंपाकघरं नव्या पद्धतीची होऊ लागली. ओट्याखाली ट्रॉल्या आल्या, चकचकीत दारं आली, आणि या सगळ्या थाटात लाल सिलिंडर डोळ्यांना खुपतो म्हणून त्यालाही बंद दाराआड ढकलण्यात आलं. घर बघायला येणारी प्रत्येक जण म्हणते, “अगंबाई, सिलिंडर दिसतच नाही की!” न दिसण्यात शोभा आहे खरी, पण धोकाही तिथेच आहे.

आपला स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो, जवळजवळ दीड ते दोन पट. तो गळला तर धुरासारखा वर जात नाही. पाण्यासारखा खाली उतरतो आणि जमिनीलगत साचत राहतो. उघड्यावरचा सिलिंडर असेल तर वास लगेच येतो. मुळात या गॅसला स्वतःचा वास फारसा नसतो. गळती कळावी म्हणून त्यात मुद्दाम उग्र वासाचं द्रव्य मिसळतात. पण घट्ट बंद कपाटात वाससुद्धा आतच कोंडतो आणि आपल्याला कळतं ते उशिरा. म्हणूनच सिलिंडर कपाटात ठेवायचा असेल तर त्या कपाटाला खाली, अगदी जमिनीलगत, आणि वरही हवा खेळेल अशी मोकळी जागा हवी, असं गॅसकंपन्यांच्या सूचनांत सांगितलेलं असतं. आपण कागद वाचतो, घडी घालून पासबुकात ठेवतो, आणि सुताराला सांगायचं राहून जातं.

आमच्या शाळेतल्या एका बाईंच्या घरी असंच झालं. नवा ओटा, घट्ट दारं. सकाळी दूध तापवायला उठलेल्या सासूबाईंनी ट्रॉली उघडली आणि वासाचा भपकारा आला. रेग्युलेटरजवळची नळी सैल झाली होती. त्यांनी दिवा लावला नाही, काडी ओढली नाही, रेग्युलेटर बंद केला आणि दारं-खिडक्या उघडल्या, म्हणून निभावलं. पुढच्या आठवड्यात त्या दाराला जाळी बसली. (गळतीसाठीचा १९०६ हा तक्रार क्रमांक प्रत्येकीने ओट्याजवळच्या भिंतीवर लिहून ठेवावा. फोन मात्र घराबाहेर जाऊन करावा.)

तेव्हा आज मुख्य नमुना घेऊ सिलिंडरच्या दाराचा. त्याच मापाने तुम्हाला दुभत्याचं कपाट, चपलांच्या कपाटाचं दार, कांदे-बटाट्याचा खण, किंवा पळ्या-झारे टांगायची भिंतीवरची पाटी करता येईल.

दुकानात काय मागायचं?

दुकानात “जाळी द्या” म्हटलं की दुकानदार चार तऱ्हेच्या जाळ्या पुढे टाकतो. तारेची विणलेली जाळी वेगळी, तारा जोडून केलेली वेल्डमेश वेगळी, आणि पत्र्याला चिरा देऊन ताणून केलेली, बर्फीच्या आकाराच्या भोकांची जाळी वेगळी. आपल्याला हवा आहे सपाट पत्रा, ज्यात यंत्राने ठोकून सारख्या अंतरावर भोकं पाडलेली असतात. त्याला बाजारात ‘परफोरेटेड शीट’ म्हणतात. ‘भोकांचा पत्रा’ म्हटलं तरी समजतं. विणलेल्या जाळीसारखा तो सैल पडत नाही, ताणून बसवावा लागत नाही, आणि फडक्याने पुसता येतो. स्वयंपाकघरात या शेवटच्या गुणाला फार किंमत आहे.

मग चार गोष्टी सांगाव्या लागतात: धातू कोणता, जाडी किती, भोक केवढं, आणि दोन भोकांत अंतर किती.

धातू. सर्वांत स्वस्त तो साधा लोखंडी, म्हणजे काळा पत्रा. रंग मात्र द्यावाच लागतो. त्यानंतर जस्त चढवलेला, ज्याला बाजारात जीआय म्हणतात. ओलाव्यात तो बरा टिकतो. अॅल्युमिनिअम हलकं आणि न गंजणारं, पण लेचंपेचं. पोराने लाथ मारली की पोचा पडतो. स्टेनलेस स्टील महाग, पण एकदा बसवलं की रंगाची कटकट नाही. स्टीलमध्ये २०२, ३०४ आणि ३१६ असे आकडे ऐकू येतील. २०२ स्वस्त आणि गंजाला त्यातल्या त्यात कच्चं, ३०४ चांगलं, आणि समुद्राच्या खाऱ्या वाऱ्याला टिकायला ३१६. रत्नागिरी, मालवण, अलिबाग, पणजीकडच्या मैत्रिणींनी हे ध्यानात ठेवावं. साधं स्टील तिथे तांबूस डाग धरतं.

लोहचुंबक लावून स्टीलची परीक्षा करायची रीत आहे, तिच्यावर फार विसंबू नका. चुंबक घट्ट चिकटलं तर ते ३०४ नाही, एवढं बहुतेक कळतं. पण चिकटलं नाही म्हणून ते ३०४च असेल असं नाही, कारण २०२ लाही चुंबक चिकटत नाही. शिवाय भोकं ठोकताना धातूवर दाब येतो, त्यामुळे चांगल्या ३०४ च्या भोकांच्या कडेलाही चुंबक थोडंसं ओढ घेतं. तेव्हा खात्रीचा उपाय एकच, आकडा पावतीवर लिहून घ्या.

जाडी. ही गेजमध्ये सांगतात आणि तिचा हिशेब उलटा असतो. आकडा जितका मोठा, तितका पत्रा पातळ. १६ गेज म्हणजे सुमारे १.६ मिलिमीटर, १८ म्हणजे १.२, २० म्हणजे ०.९ आणि २२ म्हणजे ०.७. कपाटाच्या दाराला २० गेज पुरे. पळ्या-झारे टांगायचे असतील तर १८ घ्या. २२ गेज फक्त लहानशा खिडकीला किंवा लाकडी चौकटीत सगळ्या बाजूंनी धरलेल्या तुकड्याला चालेल. नुसता लावला तर तो थरथरतो आणि दार लावताना वाजतो.

भोक आणि अंतर. अंतर म्हणजे एका भोकाच्या मध्यापासून शेजारच्या भोकाच्या मध्यापर्यंत. दुकानात याला ‘पिच’ म्हणतात. बहुतेक पत्र्यांत भोकांच्या ओळी तिरक्या असतात, एका ओळीतल्या दोन भोकांच्या मधोमध खालच्या ओळीतलं भोक, मधमाश्यांच्या पोळ्यासारखी. अशा पत्र्यात मोकळी जागा किती, हे काढायला सोपं गणित आहे. माझ्या सातवीतल्या मुलीसुद्धा ते करतील. भोकाच्या मापाला अंतराने भागा, येईल त्याचा वर्ग करा आणि ९० ने गुणा. ती टक्केवारी. ५ मिलिमीटरचं भोक आणि ८ चं अंतर असेल तर साधारण ३५ टक्के. ३ चं भोक आणि ५ चं अंतर असेल तर ३२ टक्के. ओळी सरळ, चौकटीच्या वहीसारख्या असतील तर ९० ऐवजी ७८ ने गुणायचं.

हे गणित कशासाठी? भोकं मोठी दिसली म्हणजे हवा जास्त खेळते असं नाही. मोठी पण विरळ भोकं फसवतात. सिलिंडरच्या दाराला मी ५ वर ८ चा पत्रा सुचवीन. दोन फूट रुंदीच्या दारात खालच्या बाजूला सहा इंच उंचीची पट्टी बसवली, तर एक चौरस फूट जाळी झाली आणि तिच्यात जवळजवळ ५० चौरस इंच मोकळी जागा मिळाली. वरच्या बाजूलाही तेवढीच दुसरी पट्टी. अख्खं दार जाळीचं केलंत तर उत्तमच.

दुभत्याच्या कपाटाला मात्र बारीक भोक हवं. फ्रिज घरोघर नव्हते तेव्हा दूध, दही, सायीचं भांडं त्यातच असे. आजही तळणाचं तेल, लोणी, चटणीचा डबा, मुलांची संध्याकाळची पोळी ठेवायला त्याच्यासारखं दुसरं नाही. त्याला २ मिलिमीटरचं भोक घ्यावं, माशी आत जात नाही. मुंग्या मात्र त्यातूनही जातात. त्यासाठी आजीच्या रीतीप्रमाणे चारी पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवायच्या. फक्त ते पाणी तीन-चार दिवसांनी फेकून वाट्या आतून घासायच्या. साचलेल्या स्वच्छ पाण्यात डेंग्यूचे डास वाढतात, आणि अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात.

मिळतो कुठे?

पत्रा येतो तो बहुधा आठ फूट बाय चार फुटांचा. आपल्याला लागतो त्याचा एखादा तुकडा. म्हणून प्रथम गावातल्या फॅब्रिकेटरकडे, म्हणजे खिडक्यांचे गज आणि लोखंडी फाटकं करणाऱ्याकडे जा. त्याच्याकडे कापून उरलेले तुकडे भिंतीला टेकवलेले असतात. ते तो आनंदाने देतो, कारण नाहीतर ते भंगारातच जायचे. जवळ एमआयडीसी असेल तर तिथल्या छोट्या कारखान्यांतही विचारावं. मुंबईकरांना नागदेवी स्ट्रीट, पुणेकरांना बोहरी आळी, कोल्हापूरकरांना शिवाजी उद्यमनगर ठाऊक आहेच.

भंगारवाल्याकडे आणखी एक गंमत मिळते. कारखान्यात पत्र्यातून वायसर किंवा साखळीच्या कड्या ठोकून काढल्या की मागे नक्षीसारखी भोकांची पट्टी उरते. गावाकडे कुंपणाला लावलेली तुम्ही पाहिली असेल. ती किलोवर मिळते आणि स्वस्त पडते. कुंडीच्या स्टँडला, कांद्याच्या खणाला ती झकास दिसते. पण तिच्या कडा फार धारदार असतात आणि तिच्यावर तेल असतं, तेव्हा पुढे सांगितलेली सगळी सफाई तिला दुप्पट करावी.

दुकानात जाताना रिकाम्या हाताने जाऊ नका. वर्तमानपत्राचा कागद दाराच्या मापाचा कापून न्या, स्टीलची पट्टी न्या, आणि चिठ्ठीवर चारही गोष्टी लिहून न्या. “साहेबांना पाठवा ना, त्यांना समजेल,” असं म्हणणारे दुकानदार अजून भेटतात. त्यांच्याशी वाद घालू नये. पर्समधून पट्टी काढावी, भोक मोजावं, अंतर मोजावं आणि “पाच-आठ, वीस गेज” एवढंच म्हणावं. पुढचं बोलणं आपोआप सुधारतं.

आणि वजन करून घ्यावं. जाळीचा पत्रा कुठे किलोवर, कुठे चौरस फुटावर विकतात. फुटावर घेतला तरी काटा मागावा. का, ते सांगते. लोखंडाचा १ मिलिमीटर जाडीचा, भोकं नसलेला एक चौरस मीटर पत्रा ७.८५ किलो भरतो. यावरून, दोन फूट बाय दीड फुटाचा २० गेजचा तुकडा, ३५ टक्के भोकं वजा जाता, सुमारे १ किलो ३०० ग्रॅम व्हायला हवा. मी मागे असा तुकडा घेतला तेव्हा चौरस फुटाचा भाव ठरला होता. काट्यावर तो जेमतेम किलोभर भरला, म्हणजे २२ गेजचा. दुकानदाराला आकडा दाखवला. तो म्हणाला, “बाई, तुमच्या घरी कारखाना आहे का?” मी म्हटलं, “नाही, स्वयंपाकघर आहे.” त्याने मुकाट्याने बदलून दिला. वीस-पंचवीस टक्के पातळ माल त्याच भावात घेणं म्हणजे पाऊण किलो साखरेला किलोचे पैसे देणं झालं.

कापणं

कापायचं काम घरी करू नका, दुकानातल्या किंवा फॅब्रिकेटरच्या यंत्रावरच करून घ्या. घरच्या कात्रीने पत्रा वाकतो आणि हात दुखतो तो वेगळाच. कापताना एक गोष्ट सांगायची: दोन ओळींमधल्या भरीव जागेतून काप. भोकांवरून कापलं तर कड करवतीच्या दातांसारखी होते. तिरक्या ओळींच्या पत्र्यात निदान एका दिशेने असा भरीव काप मिळत नाही, तिथे कड झाकावीच लागते. पत्र्याच्या चारी बाजूंना मुळात बिनभोकांची पट्टी असते. तुमचा तुकडा त्या कडेतून मिळाला तर निदान एक बाजू तरी सुरक्षित येते. तशी मागणी करून पाहावी.

कड झाकायचे तीन मार्ग. एक, कड अर्धा इंच मागे दुमडून घेणं. यासाठी कापतानाच चारी बाजूंनी अर्धा इंच जास्त धरायचं. दोन, यू आकाराची पट्टी वरून बसवणं. तीन, लाकडी चौकटीत पत्रा ठेवून आतल्या बाजूने बीडिंगची पट्टी ठोकणं. सिलिंडरच्या दाराला तिसरा मार्ग सोपा, कारण दार बहुधा प्लायवूडचं असतं. सुतार खिडकी कापून देतो आणि आत पट्टी मारतो. मात्र ही कापाकापी, ड्रिल, वेल्डिंग सगळं दार बिजागऱ्यांतून काढून बाहेर अंगणात किंवा दुकानात. सिलिंडरशेजारी ठिणगी नको.

जस्ताच्या पत्र्याला वेल्डिंग शक्यतो करूच नये, रिव्हेट किंवा स्क्रू वापरावा. वेल्डिंगच्या उष्णतेने जस्त जळून जातं, तिथेच पुढे गंज धरतो, आणि तो पांढरा धूर छातीत गेला तर संध्याकाळी तापासारखी हुडहुडी भरते.

घासणं

किसणीवर बोट फिरवून पाहा. एक बाजू गुळगुळीत, दुसरी खरखरीत. पत्र्यात भोक ठोकलं की ठोका जिथून बाहेर पडतो तिथे बारीक टोकेरी काठ उठतो. किसणीत तो मुद्दाम ठेवतात, आपल्याला मात्र तो घालवायचा आहे. कारागीर त्याला ‘बर’ म्हणतात. चांगल्या पत्र्यात तो कमी असतो, पण असतोच. म्हणून पहिला नियम, गुळगुळीत बाजू नेहमी बाहेर, हाताच्या आणि फडक्याच्या बाजूला. दुसरा नियम, पत्रा हाताळताना जाड हातमोजे. पोरांना जवळ येऊ देऊ नये.

प्रथम पत्रा धुवायचा. भोकं ठोकताना तेल वापरतात, ते नव्या पत्र्यावर असतंच. त्यावर घासकागद फिरवलात तर तेल आणखी चोळलं जातं. कोमट पाणी आणि भांडी घासायची पावडर घेऊन जुन्या ब्रशाने दोन्ही बाजू आणि भोकं घासा, स्वच्छ पाण्याने धुवा, आणि लगेच उन्हात उभा करून ठेवा. लोखंडी पत्रा ओला राहिला तर तासाभरात तांबूस होतो. अॅल्युमिनिअमला धुण्याचा सोडा मुळीच लावू नका, सोडा अॅल्युमिनिअमला खातो आणि ते काळं पडतं.

वाळल्यावर चपट्या कानशीने खरखरीत बाजूवरून सपाट, हलका हात फिरवावा. जोर लावायचा नाही. मग लाकडाच्या ठोकळ्याला १२० नंबरचा पॉलिश पेपर गुंडाळून गोल गोल घासावं, आणि शेवटी २२० नंबरचा. डोळ्यांवर चष्मा असू द्या, धातूची पूड उडते. संपलं की नाही हे बोटाने पाहू नका. जुना नायलॉनचा मोजा पत्र्यावरून फिरवा. मोजा अडकला नाही की काम झालं.

स्टेनलेस स्टीलला लोखंडी घासणी लावायची नाही. तिचे बारीक कण भोकांत राहतात, गंजतात, आणि मग आपण स्टीलला नावं ठेवतो. फरशीचं ब्लीचिंगचं पाणीही त्याच्यावर वाळू देऊ नये.

गंजक्या पत्र्याने हात कापला तर हळद दाबून कामाला लागण्याची आपली सवय सोडा. साबण-पाण्याने जखम धुवा आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनबद्दल डॉक्टरांना त्याच दिवशी विचारा.

रंगवणं

लोखंडी पत्र्याला आधी प्रायमर, मग रंग. प्रायमर म्हणजे तो विटकरी रेड ऑक्साइड. तो एक हात पातळसा द्यावा, रात्रभर वाळू द्यावा, २२० च्या कागदाने हलकं घासावं, पुसावं, आणि मग ऑइलपेंटचे दोन पातळ हात. मधे पुन्हा रात्रभर वाळवणं आलंच. जाड एक हात म्हणजे भोकं बुजलीच. ब्रश भरून घेऊ नका, डब्याच्या कडेला निथळून घ्या. सपाट बाजूला लहान रोलर वापरला तर रंग भोकांत कमी उतरतो. पण भोकांच्या आतली कड उघडी राहता कामा नये, कारण गंज तिथूनच सुरू होतो. म्हणून प्रायमर ब्रशाने द्यावा, एकदा उजवीकडून आणि एकदा डावीकडून तिरका धरून, आणि वरचे हात रोलरने. एखादं भोक बुजलंच तर रंग ओला असताना झाडूच्या हिराने मोकळं करावं. वाळल्यावर टोकरलं तर टवका निघतो.

जस्ताच्या पत्र्याला थेट ऑइलपेंट दिला तर वर्ष-दोन वर्षांत त्याचे पापुद्रे सुटतात. रंगातलं तेल आणि जस्त यांचं आपसात जमत नाही, मधे साबणासारखा थर तयार होतो. त्यासाठी रंगाच्या दुकानात जस्ती पत्र्याचा वेगळा प्रायमर मिळतो, तोच मागावा. अॅल्युमिनिअमलाही त्याच्या मानाचा वेगळा प्रायमर लागतो.

रंगाच्या बाबतीत एक गोष्ट फार जपायची, ती म्हणजे शिसं. पूर्वीच्या रंगांत, विशेषतः लाल-पिवळ्यांत, शिसं असे. लहान मुलांच्या मेंदूला ते घातक. घरगुती रंगांत दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त शिसं असू नये, असा नियम आपल्या सरकारने २०१६ मध्ये केला आणि तो नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. पण हा नियम घरगुती आणि सजावटीच्या रंगांपुरता आहे. म्हणून फॅब्रिकेटरकडे उरलेला कारखान्याचा रंग “फुकट मारून देतो” म्हटला तरी नको म्हणा, आणि घरगुती रंगाचा डबा त्यावरचा मजकूर वाचून घ्या. जुन्या कपाटाच्या जाळीचा रंग खरवडायचा असेल तर कोरडा घासू नका. पाणी मारत ओला घासा, मुलांना दूर ठेवा, आणि निघालेला लगदा कागदात गुंडाळून टाका.

आणि अन्नाला थेट टेकणारी जाळी रंगवायचीच नाही. पापड-कुरडया वाळवायला, भाजी निथळायला स्टेनलेस स्टीलच.

रंगाची दगदग नको असेल तर पावडर कोटिंग करून घ्यावं. रंगाची कोरडी भुकटी विजेच्या भाराने पत्र्यावर चिकटवतात आणि साधारण १८० ते २०० अंशांच्या भट्टीत ती वितळवून पक्की करतात. भोकांच्या आतही ती बसते, आणि ब्रशाच्या रंगापेक्षा खूप टिकते. एमआयडीसीजवळ असे छोटे कारखाने असतात. एका लहान तुकड्यासाठी ते वेगळी भट्टी लावत नाहीत, तेव्हा त्यांच्या चालू रंगातलाच एखादा निवडावा म्हणजे स्वस्त पडतं. “आधी धुऊन, गंज काढून मगच मारणार ना?” हे विचारल्याशिवाय पत्रा सोडू नका. आणि कापणं, दुमडणं, स्क्रूची भोकं हे सगळं कोटिंगच्या आधी. नंतर भोक पाडलं की तिथून गंज आत शिरलाच.

रंगकामाला मुहूर्त दिवाळीपासून होळीपर्यंत. आषाढ-श्रावणात हवेत ओल असते, रंग वाळत नाही आणि त्याखाली गंज अडकतो. खिडक्या उघड्या हव्यात, आणि शेगडी पेटती असताना टर्पेंटाइनचा डबा स्वयंपाकघरात आणायचा नाही.

बसवणं

सिलिंडरच्या दाराला बसवताना खालची जाळी जितकी खाली नेता येईल तितकी न्या. सुतार पुष्कळदा दाराखाली तीन-चार इंचांची उभी फळी मारतात. जड गॅस नेमका तिच्यामागे साचेल. त्या फळीलाही खिडकी पाडून जाळी लावायला सांगा. मागच्या नळीला आणि रेग्युलेटरला पत्र्याची कड घासणार नाही हे पाहा. जाळी बसवली म्हणजे हवा खेळण्याची सोय झाली, गळती थांबण्याची नव्हे. तेव्हा नळीवर छापलेली मुदत पाहणं आणि रात्री रेग्युलेटर बंद करणं चालूच ठेवायचं. आणि त्या जाळीवर शोभेसाठी पडदा किंवा प्लॅस्टिकचा कागद डकवायचा नाही! तसं केलेलं मी पाहिलं आहे, म्हणून सांगते.

अॅल्युमिनिअमच्या पत्र्याला लोखंडी स्क्रू मारू नये. ओल लागली की दोन धातूंच्या जोडीत अॅल्युमिनिअम झिजतं. स्टीलचा स्क्रू आणि खाली रबरी किंवा प्लॅस्टिकचा वायसर घ्यावा. पळ्या-झाऱ्यांच्या पाटीला मागे लाकडाचे तुकडे देऊन ती भिंतीपासून इंचभर पुढे ठेवावी, म्हणजे आकडे अडकतात आणि मागे झुरळांना घर मिळत नाही.

हे सगळं वाचून लांबलचक वाटेल, पण काम दोन दुपारचं आहे. एक दुपार दुकानाची, एक घासण्याची. रंगाचे हात मग रोज संध्याकाळी दहा मिनिटं. “दार चांगलं आहे, कशाला कापतेस?” असं घरातून कुणी म्हणेलच. त्यांना जमिनीलगत बसवून सिलिंडरचा कप्पा दाखवा आणि जड गॅसची गोष्ट सांगा. नव्या दाराचा मोह सुटणं कठीण असतं, पण घरातली सगळी माणसं त्याच ओट्याभोवती वावरतात, हे कळलं की करवत तेच आणून देतात.

तुमच्याकडे दुभत्याचं जुनं कपाट अजून वापरात असेल आणि त्याची जाळी तुम्ही बदलली असेल, तर कोणता पत्रा घेतला आणि किती वर्षं टिकला ते जरूर कळवा. पुढच्या आठवड्यात लाकडी पोळपाट आणि पाट-चौरंगांची निगा.